डावीकडची सीट

“इथला पाना कुणी हलवला?”

अण्णा पुढच्या चाकापाशी पाटावर बसले होते आणि उजव्या हातानं फरशी चाचपत होते. पाना त्यांच्या हातापासून वीतभर लांब पडला होता. मीच ठेवला होता तिथं, पुसून झाल्यावर.

“हा काय तुमच्यासमोर,” मी म्हटलं.

“समोर आहे का ते नाही विचारलं. जागेवर का नाही ते विचारलं.”

मी पाना उचलून त्यांच्या हातात दिला आणि वर बोललेही, “पाना आहे तो अण्णा, देवघरातली मूर्ती नव्हे. जरा सरकला तर काय बिघडतंय?” शेडच्या कडेला तांदूळ निवडत बसलेल्या आईनं माझ्याकडं बघून डोळे वटारले. एरवी तिनं एवढ्यावर एक भाषण ठोकलं असतं, पण तिला बोलायची बंदी होती. स्वरयंत्रावरची गाठ काढून दोन आठवडे होत आले होते आणि सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही.

आमच्या घरात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. विशेषतः गाडीच्या आसपास तर नाहीच. आई गाडीत बसली की दार बंद व्हायच्या आत सुरू व्हायची. “हळू. पुढं म्हैस आहे. डावीकडनं सायकल येतीय. थांबा, ट्रक आहे. गेला ट्रक. आता जा.” तासगाव ते सांगली अखंड. माझा धाकटा भाऊ तिला आकाशवाणी म्हणायचा. त्याचं नाव शीतल. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांत हे मुलाचं नाव असतं. पुण्यात माझ्या ऑफिसातल्या बायकांना कित्येक वर्षं ती माझी बहीण वाटत होती. आईच्या घशाला गाठ आल्याचं कळलं तेव्हा शीतल म्हणाला होता, “येणारच. ट्रान्समीटर कधी बंद केलाय का तिनं?” मीसुद्धा हसले होते.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून रिटायर झालेले. आणि गाडी म्हणजे मॉरिस मायनर, सत्तावन्न सालची, फिक्या चहाच्या रंगाची. सांगलीच्या एका वकिलाकडून अण्णांनी ती घेतली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. वळायचं झालं की तिच्या दोन दारांमधल्या खांबातून एक छोटा नारंगी हात बाहेर यायचा आणि वळून झालं की आत जायचा. गावातली पोरं तो हात बघायला मागं पळायची. तिचं सगळंच उलटं. बाकी गाड्यांना बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, हिला प्लस. एकदा एका मिस्त्रीनं सवयीनं उलटी जोडणी केली आणि वायरिंगमधून धूर निघाला. त्या दिवसापासून अण्णांनी गाडीला परका हात लावू दिला नाही.

दर रविवारी ते स्वतः बसायचे. पुढच्या चाकांचे सांधे ग्रीसगननं भरायचे, कारण हे सांधे कोरडे पडले की मॉरिसचं चाक चालता चालता मुडपतं आणि गाडी बसते. ब्रेकच्या तेलाची टाकी ड्रायव्हरच्या पायाखाली, सतरंजी आणि पत्रा उचलून बघायची. मग डेल्को, म्हणजे ठिणगी वाटून देणारा डबा. त्याच्या आतल्या पॉइंटमधली फट मोजताना अण्णा डोळे मिटून घ्यायचे आणि पातळ पत्ती आत सरकवायचे. “ही बघायची गोष्ट नाही उजू,” मला म्हणायचे, “बोटाला कळते.” माझं नाव उज्ज्वला. मला त्यांचा तो रुबाब फार आवडायचा.

डेल्कोच्या आत एक रोटर असतो, अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो काढला की गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. कुणाच्या बापाला सुरू करता येत नाही. रथोत्सवाच्या गर्दीत गाडी लावायची झाली की अण्णा रोटर काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि निवांत दर्शनाला जायचे. तशी त्यांच्याकडं प्रत्येक पार्टची जोडी असायची. पॉइंट दोन, पंपाचे पडदे दोन, रोटर दोन. विलायतेहून आता काही यायचं नाही, हे त्यांनी फार आधीच ओळखलं होतं. सगळं एका लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून.

त्या डिसेंबरात मी रजा काढून आले होते ती या गाडीपायी. शीतलनं गिऱ्हाईक शोधलं होतं. कोल्हापूर रस्त्यावरचा एक हॉटेलवाला, त्याला गाडी दारात उभी करून बॉनेटमध्ये बोगनवेल लावायची होती. शीतल फोनवर म्हणाला होता, “ताई, अण्णा अडुसष्ट वर्षांचे झाले. रस्त्यावर ऊस काय, ट्रॅक्टर काय. एखाद्या दिवशी काहीतरी होऊन बसेल.” मी चिडले. अण्णांची गाडी आणि तिच्यात बोगनवेल? मी म्हटलं, “सोमवारी आईला सांगलीला तपासायला न्यायचंय. मी अण्णांच्या शेजारी बसून जाते आणि येते. एक ओरखडा आला तरी चावी मी माझ्या हातानं तुला आणून देईन. नाही आला, तर हा विषय तू जन्मात काढायचा नाहीस.”

“कबूल,” शीतल म्हणाला. “तू आहेस म्हणून कबूल.”

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते हाताचं ग्रीस पुसत राहिले. “सोमवारीच कशाला? तुझ्या आईचा आवाज येऊ दे की.”

“आवाजाचा आणि गाडीचा काय संबंध?”

“नाही, तसं काही नाही,” ते म्हणाले, आणि पुन्हा चाकाकडं वळले.

सोमवारी सकाळी अण्णांनी चावी फिरवली, पेट्रोलच्या पंपाची टिकटिक थांबेपर्यंत कान देऊन ऐकलं, आणि बटण ओढल्याबरोबर इंजिन लागलं. मी शीतलला ऐकवायच्या वाक्यांची मनात जुळवाजुळव करत पुढचं डावं दार उघडलं. तर आई आधीच तिथं येऊन उभी. तिनं माझा दंड धरला आणि मागच्या सीटकडं बोट दाखवलं.

“आई, आज मी पुढं बसणार. तू मागं ऐसपैस बस. गरज लागली तर आडवी हो.”

आईनं मान हलवली. पुन्हा बोट. मी हसून तिचा हात सोडवला. “दोन आठवडे बोलली नाहीस, आता सीटही सोड. काही होत नाही.”

“बसू दे तिला पुढं,” अण्णा आतून म्हणाले.

“अण्णा, मी शीतलला शब्द दिलाय, शेजारी बसून येते म्हणून. शेजारी म्हणजे शेजारी.” आणि मी बसलेच. हट्ट आमच्या घरात सगळ्यांनाच आहे, पण माझा जरा जास्त.

आई मागं, बरोबर अण्णांच्या पाठीशी बसली आणि तिनं त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, “या वयात? लेकीसमोर?” अण्णांचे कान लाल झाले. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ती पुढच्या काचेतून समोर बघत होती.

गाव सुटेपर्यंत आम्ही इतक्या हळू गेलो की सायकलवाले पुढं जात होते. मला बरंच वाटलं. म्हटलं, बघ शीतल, माणूस किती सांभाळून चालवतोय. वेस ओलांडल्यावर अण्णा म्हणाले, “बोल की काहीतरी.”

मी बोलायला लागले. माझं ऑफिस, माझ्या लेकीची, मीनलची शाळा, पुण्यातली पाण्याची बोंब.

“ते नको,” अण्णा म्हणाले. “रस्त्यावर काय काय दिसतंय ते सांग.”

“आईची सवय लागलीय तुम्हाला. आकाशवाणी बंद म्हणून करमेना होय?” मी हसले आणि नक्कल केली. “पुढं उसाची गाडी आहे. डावीकडं द्राक्षाची बाग आहे. बागेत एक बुजगावणं आहे, ते आपल्या शीतलसारखं दिसतंय.” अण्णा हसले नाहीत. ते मान पुढं काढून, जबडा आवळून ऐकत होते. उसाच्या गाडीपाशी त्यांनी वेग कमी केला, थांबले, आणि समोरचा ट्रक गेल्यावर बरोबर बाजू काढली. आईचा हात खांद्यावर होताच. आता आठवलं की दिसतं, तिची बोटं हलत होती.

कवठेएकंद मागं पडलं. ऊन वर आलं. रस्ता मोकळा मिळाला म्हणून अण्णांनी जरा वेग घेतला, मॉरिस खुशीत आली की करते तसा बारीक गुंजारव करायला लागली, आणि मी पण नक्कल थांबवून नुसती बाहेर बघत बसले. तेवढ्यात मागं आईला खोकल्याची उबळ आली. साधा खोकला नव्हता, जीव घुसमटल्यासारखा होता. मी पाण्याची बाटली घेऊन सीटवर गुडघा टेकून मागं वळले. आईनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी बाटलीचं झाकण काढलं.

मग आईनं मान वर केली आणि तिचा चेहरा बदलला. ती माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत होती. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पूर्ण ताकदीनं ओरडायला निघालेलं ते उघडं तोंड आणि त्यातून नुसती हवा, ते मला अजून झोपेत दिसतं.

मी गर्रकन वळले. काचेसमोर एक हिरवा डोंगर होता. वैरणीचा भारा, आणि त्याच्याखाली एक बाई, डावीकडच्या बांधावरून उतरून रस्त्याच्या मध्यात आलेली. अण्णा तिच्याकडं सरळ बघत होते आणि गाडी तशीच चालली होती.

“ब्रेक,” मी ओरडले.

अण्णांचा पाय त्याच क्षणी बसला. रविवारी तेल घातलेल्या चारी ब्रेकांनी गाडी जागच्या जागी धरली, मी काचेवर आदळले, बाटली फुटली. इंजिन बंद पडलं. बाई बॉनेटपासून हातभर अंतरावर उभी होती. तिचा भारा डोक्यावरून घसरून आमच्या बॉनेटवर पडला होता आणि अर्धी काच हिरवी झाली होती.

अण्णा समोर बघत म्हणाले, “काय होतं?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाई समोर उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ मला दिसत होता, कपाळावरचा घाम दिसत होता. आणि माझे वडील हळू आवाजात पुन्हा विचारत होते, “उजू, काय होतं? लागलं का कुणाला?”

तोपर्यंत बाईला कंठ फुटला होता. “डोळं फुटलं का काय तुमचं? एवढी बाई दिसंना व्हय?”

अण्णा दार उघडून खाली उतरले. बॉनेटवर हात टेकत टेकत पुढं गेले, वैरणीवर हात पडला तसे थबकले. मग हात जोडून म्हणाले, “होय बाई. फुटल्यातच. लागलं नाही ना तुम्हाला?”

बाई त्यांच्या उजवीकडं उभी होती. अण्णा हात जोडून डावीकडं बघत होते.

बाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ती भारा ओढून घेऊ लागली. मी उतरून तिला उचलून दिला. भारा माझ्या हातातून दोनदा सुटला. जाताना ती मला म्हणाली, “ताई, म्हाताऱ्याला चालवाय देत जाऊ नगा.” आणि गेली.

आई गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली बसली होती. अण्णांना मी हाताला धरून तिथं नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वडलांना हाताला धरून चालवलं आणि त्यांनी चालवू दिलं, यानंच मला अर्धं उत्तर मिळालं.

“काय दिसतं तुम्हाला?” मी विचारलं.

“समोर दिसतं. थाळीएवढं. कडेनं काही नाही.” ते बाभळीच्या बुंध्याला टेकले. “काचबिंदू म्हणतात. गेलेलं परत येत नाही म्हणाले. या साली थाळीपण धुरकट झालीय.”

“कधीपासून?”

त्यांनी मान आईच्या दिशेनं वळवली. मी आईकडं बघितलं. जी बाई रस्त्यावरच्या प्रत्येक म्हशीची बातमी द्यायची, ती माझ्यासमोर मुकी बसली होती आणि पदराच्या टोकाला गाठी मारत होती.

“शीतलच्या लग्नात वरात तुम्ही चालवली होती,” मी म्हटलं. “नवरानवरी मागं होते, पुढं बँड होता, सगळं गाव रस्त्यावर होतं. तेव्हा?”

“तेव्हा थाळी जरा मोठी होती.”

“अण्णा.”

“आई होती शेजारी.”

आणि मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला, आणि प्रत्येक दिव्यासरशी मी जास्तच हादरत गेले. पाना जागेवरच का पाहिजे. घरातली दारं एकतर सताड उघडी नाहीतर बंद, अर्धवट कधीच का नाहीत. चहाचा कप आई नेहमी त्यांच्या बोटांना लावूनच का ठेवते. आणि ती आकाशवाणी. म्हैस, सायकल, ट्रक, थांबा, गेला, जा. आम्ही दोघं भावंडं मागं बसून तिच्या नकला करत होतो, आणि ती गाडी चालवत होती. अण्णांचे फक्त हातपाय होते.

“मीनल,” मी म्हटलं. “सांगलीच्या दवाखान्यातून मीनलला घरी आणली, ते याच गाडीतून. आठ दिवसांची होती ती. माझ्या मांडीवर.”

“त्या दिवशी तुझी आई सांगलीपासून घराच्या पायरीपर्यंत श्वास न घेता बोलली,” अण्णा म्हणाले.

मला आठवलं. मी मागून तिला म्हटलं होतं, आई, जरा गप्प बस ना, बाळ झोपलंय. आणि ती गप्प बसली नव्हती. मीनल उठून रडायला लागली तरी बोलत राहिली होती. तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

मला संताप आला. “लाज नाही वाटली तुम्हा दोघांना? माझं पोर होतं त्यात. आज ती बाई मेली असती. त्या बाईचं कुणी नाही का घरी? आणि कशासाठी? एका गाडीसाठी?”

अण्णा खाली बघत होते. “गाडी नसली की मी काय करायचं, उजू? वाचता येत नाही. माणसं ओळखू येत नाहीत, आवाजावर काढतो. त्या गाडीत बसलं की सगळं हाताला लागतं. कुठं काय आहे ते मला माहीत आहे.”

तेवढ्यात आई बोलली. डॉक्टरांनी कुजबुजायलासुद्धा मनाई केली होती, पण ती बोलली. भेगाळलेला, घासलेला आवाज.

“मी होते ना,” ती म्हणाली. “मी असताना कुणाला लागलं का कधी?”

तिच्या तोंडावर अपराध नव्हता. आपली जागा मी घेतली म्हणून झालं, असं तिचं साधं म्हणणं होतं. सगळ्यात मोठा धक्का मला तिथं बसला.

पुढं सांगलीपर्यंत गाडी मी चालवली. अण्णा डावीकडं बसले. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना, कधी मांडीवर, कधी दारावर. मध्येच म्हणाले, “आता तिसरा गिअर टाक, इंजिन ओरडतंय.” मी टाकला. बरोबर होतं त्यांचं.

डॉक्टरांनी आईचा घसा तपासला आणि आज बोललात म्हणून आधी रागावले. मग म्हणाले, “जखम भरतीय. पण अशा गाठी आवाज फार ताणला की येतात. तुम्ही काय शाळेत शिकवायला होता का?”

आईनं नाही म्हणून मान हलवली.

“ड्रायव्हर होती,” अण्णा म्हणाले.

डॉक्टर हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई भाकऱ्या करायला गेली, अण्णा हातपाय धुवायला मोरीत गेले. दिवस मावळल्यावर आमच्याकडं जेवत नाहीत, त्यामुळं सगळी घाई होती. मी शेडमध्ये जाऊन बॉनेट उघडलं. डेल्कोच्या झाकणाच्या दोन पत्त्या बाजूला केल्या, रोटर उपसून घेतला आणि पर्समध्ये टाकला. चोरासारखं वाटलं, पण हात थांबला नाही. बॉनेट लावत होते तेवढ्यात आतून फोन वाजला. आत जाऊन उचलला, शीतलचा होता.

“काय ताई? आला का ओरखडा?”

ओरखडा नव्हता आला. बॉनेटवर थोडं गवत होतं, तेवढंच. अण्णा मोरीच्या दारात हात पुसत उभे होते. त्यांना मी दिसत नव्हते, पण मी कुठं आहे ते त्यांना माहीत होतं. चावी माझ्या हातात होती. शीतलला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोगनवेल लागली असती, आणि तो काही चुकीचं करत नव्हता.

“गाडी बरी आहे,” मी म्हटलं. “पण डेल्कोतला एक पार्ट गेलाय. तो मिळेपर्यंत सुरू व्हायची नाही. मी पुण्यात बघते.”

“मिळणारे का तो? एवढ्या जुन्या गाडीचा?”

“वेळ लागेल. तोपर्यंत विकायचं नाव काढू नकोस. तसा आपला शब्द आहे.”

अण्णांनी टॉवेल दोरीवर टाकला आणि जेवायला बसले. ताटात आमटी कुठं आहे, भाकरी कुठं आहे ते आई बोटानं ताटाला टकटक करून सांगत होती. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर जेवत आले होते आणि मला ती टकटक ऐकू आली नव्हती.

सकाळी एसटीला निघताना अण्णा फाटकापर्यंत आले. “पार्ट मिळायला वेळ लागेल म्हणालीस.”

“लागेल, अण्णा.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांनी माझ्या पर्सवर हात ठेवून एकदा थोपटलं. “जपून जा.”

त्यानंतर मी दर आठवड्याला फोन करायचे. आईचा आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. जाडसर, मध्येच तुटणारा. गाडीचं नाव कुणी काढायचं नाही. शेजाऱ्यांना अण्णा सांगायचे, पार्ट पुण्याहून यायचाय, लेक शोधतीय. मला वाटायचं, मी त्यांना फसवलं. मग वाटायचं, बरं केलं. रोटर माझ्या कपाटात चोळीच्या कापडाखाली होता.

महावीर जयंतीला सुट्टी जोडून आली म्हणून मी न कळवता तासगावला गेले. स्टँडवरून चालत घराच्या गल्लीत वळले आणि जागीच थांबले. मॉरिसच्या इंजिनचा आवाज येत होता.

दुसरी कुठली गाडी असेल असं वाटायला जागाच नव्हती. तो आवाज मी झोपेत ओळखीन. आणि मग मला ती लाकडी पेटी आठवली. प्रत्येक पार्टची जोडी. रोटर दोन. मी एक घेऊन गेले होते आणि मोठ्या हुशारीनं पुण्यात कपाटात जपत होते. म्हणजे डिसेंबरपासून आजपर्यंत हा माणूस रस्त्यावर होता, आणि शेजारी आई होती, तुटक्या आवाजाची. मी पळत सुटले. बॅग रस्त्यातच टाकली. त्या बाईचा वैरणीचा भारा माझ्या डोळ्यांसमोर होता. आज दोघांनाही सोडायचं नाही, शीतलला आत्ताच्या आत्ता बोलवायचं, असं बडबडत मी फाटक ढकललं.

गाडी शेडमध्येच होती. इंजिन चालू होतं. पण ती नेहमीपेक्षा उंच दिसत होती. मी जवळ गेले. चारी चाकं काढून भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली होती, पुसून, प्रत्येकाचे नट वाटीत. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मागं चाकांच्या जागी नुसते ड्रम गरगर फिरत होते. ठोकळे इतके नेमके बसवले होते की जॅक लावून, चाचपत, एकेक चाक उतरवायला अण्णांना किती दिवस लागले असतील ते कळत होतं. दुसऱ्या कुणाचा हात त्यांनी लावून घेतलाच नसता.

काचा खाली होत्या. अण्णा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. डावीकडच्या सीटवर आई बसली होती, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन. ती शेंगा सोलत होती आणि भिंतीकडं बघत बोलत होती.

“हळू. पुढं उसाची गाडी आहे. दोन आहेत. बैल थकल्यात.” आवाज तुटला, ती घोटभर पाणी प्यायली. “डावीकडं बाई आहे, भारा घेऊन. थांबा. जाऊ दे तिला.”

अण्णांनी क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला. ड्रम थांबले. ते वाट बघत राहिले.

“गेली?” त्यांनी विचारलं.

आईनं मान वळवली तेव्हा तिला मी दिसले. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. ती घाबरली नाही, की लाजली नाही. तिनं नुसतं मागच्या सीटकडं बोट दाखवलं.

मी मागचं दार उघडून बसले.

“उजू आली,” आई म्हणाली. “ती बाई गेली रस्ता ओलांडून. आता जा.”

अण्णांनी पहिला टाकला.